गॅसला जात नसते, शिडीला असते



आमच्या मिलच्या मागल्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं एक ओळ लिहिलीय : 'जो राही सावधान, त्याच्या घरी समाधान.' ही ओळ माझी. खाली माझं नाव नाही, पण तिचा बाप मीच. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. त्या आठवड्यात मिलमध्ये घोषवाक्यांची स्पर्धा लावतात. साहेब म्हणाले, 'तू कविता करतोस म्हणे. लिही की काहीतरी.' लिहिलं. पहिला नंबर आला. तीन पुडांचा स्टीलचा डबा मिळाला, गळ्यात हार पडला, फोटो निघाला. आईनं तो डबा अख्ख्या गल्लीला दाखवला.

त्याच भिंतीला लागून सांडपाण्याचा हौद आहे. त्याच वर्षी, पावसाच्या तोंडावर, त्या हौदात मामा मेले. माझ्या ओळीच्या बरोबर खाली.

हे साहित्य नाही. ज्याला यात प्रतिमा-बितिमा शोधायच्या असतील त्यानं खुशाल पान उलटावं. ही आधी माझी कबुली आहे आणि मग भांडण आहे. कबुली स्वतःची, भांडण सगळ्यांशी.

मिल म्हटलं की लोकांना माग आठवतो, भोंगा आठवतो, परळ-लालबाग आठवतं. आमची मिल तसली नाही. ती डोंबिवलीच्या एमआयडीसीत आहे. कोरं कापड येतं, आम्ही ते धुतो, ब्लीच करतो, रंगवतो. म्हणजे नाव कापडाचं आणि काम केमिकलचं. कॉस्टिक, हायड्रो, पेरॉक्साइड, ॲसिड, सल्फाइड. कॉस्टिकचा थेंब डोळ्यात गेला तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा असतो, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. हायड्रोच्या ड्रमला ओल लागली की तो आपोआप तापतो, पेटतो, हे ड्रम पेटल्यावर कळलं. ब्लीचच्या पाण्यात ॲसिड पडलं की क्लोरीन सुटतो, हे खोकून खोकून कळलं. शाळा मी नववीत सोडली. पुढचं शिक्षण हे असं झालं.

मामा माझे सख्खे मामा नव्हते. जालन्याकडचे, आमच्याच वस्तीतले. ठेकेदाराकडं सफाईला होते. मिलच्या मस्टरवर त्यांचं नाव नव्हतं. मिलच्या दृष्टीनं ते गेटमधून आत आलेच नव्हते, आणि जे आत आलेच नाहीत ते आत मेले.

रविवार होता. मशिनी बंद. हौदाच्या तळाला गाळ साचला होता, पंप चोक व्हायला लागला होता. ठेकेदारानं मामांना, त्यांच्या पुतण्याला आणि आणखी एकाला आणलं. दोनशे रुपये जादा बोली. माझी पाळी नव्हती, पण मुकादमानं बादल्या ओढायला मलाही थांबवलं. झाकण काढलं. मामा वाकले आणि म्हणाले, 'नासल्या अंड्यावानी वास यायलाय रे.' मुकादम म्हणाला, 'हौदाला काय अत्तराचा वास येणार? रुमाल बांध.' मामांनी रुमाल ओला करून तोंडाला बांधला आणि शिडीवर पाय टाकला. पाच-सहा पायऱ्या उतरल्यावर खालून आवाज आला, 'वास गेला की रे पोरा. आता काय नाय.'

मामांचं हे शेवटचं बोलणं.

वास गेला म्हणजे काय झालं होतं, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून लिहितो. नीट वाचा आणि घरात जो कोणी टाकीत, हौदात, गटारात उतरतो त्याला वाचून दाखवा. त्या आठवड्यात आम्ही सल्फर ब्लॅकचा काळा माल काढला होता. तो रंग सोडियम सल्फाइडमध्ये विरघळवतात. ते पाणी हौदात गेलं. दुसऱ्या नळानं ॲसिडचं पाणीही त्याच हौदात गेलं. सल्फाइडवर ॲसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड सुटतो. शिवाय नुसता गाळ कुजूनही तोच गॅस होतो. हा गॅस हवेपेक्षा जड, तो तळाशी बसतो. थोडा असला की नासल्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की तो नाकाची वास घेण्याची ताकदच मारतो. वास जातो, गॅस जात नाही. हजार भागांच्या आसपास गेला की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. ओरडायलासुद्धा वेळ मिळत नाही. मामांचं नाक त्यांना सांगत होतं की धोका टळला, आणि ते मरणाच्या मधोमध उभे होते.

ओला रुमाल या गॅसला अडवत नाही. धुळीचा मास्क अडवत नाही. जिथं हवेत प्राणवायूच कमी पडलाय तिथं गाळणीचा मास्कही कामाचा नाही. तिथं बाहेरची हवा नळीनं किंवा पाठीवरच्या सिलिंडरनं तोंडापर्यंत आणावी लागते. जुने लोक कंदील किंवा मेणबत्ती खाली सोडून बघतात. ज्योत पेटती राहिली तरी गॅस माणूस मारू शकतो, आणि हा गॅस स्वतः पेटणारा आहे. मेणबत्तीनं हौदाची परीक्षा घ्यायची म्हणजे काडी ओढून डिझेलची टाकी भरलीय का ते बघायचं.

मामा दिसेनात म्हणून पुतण्या उतरला. तोही गेला खाली. मग मी शिडीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर असताना मागून कुणीतरी कॉलर धरून मला ओढलं. बॉयलरवरचा म्हातारा, गोरखपूरकडचा. म्हणाला, 'एक गया, दूसरा गया, अब तीसरा जाएगा क्या?' त्यानं मला जमिनीवर पाडून छातीवर गुडघा ठेवला. मी त्याला आईवरून शिव्या देत होतो. अग्निशमनवाले पाठीवर हवेची नळकांडी बांधून आले, त्यांनी दोघांना काढलं. पुतण्या जगला. त्याचे हात अजून थरथरतात आणि बोलताना मधेच शब्द हरवतो. मामा तिथंच गेले होते.

संध्याकाळी कागद तयार झाला. 'सदर कामगार पाय घसरून पडला. त्यास सेफ्टी बेल्ट देण्यात आला होता, परंतु त्याने तो वापरला नाही.' बेल्ट! तो मी पहिल्यांदा पाहिला संध्याकाळी सहा वाजता, स्टोअरमधून आणताना. वर प्लॅस्टिकची पिशवी तशीच. साहेब म्हणाले, साक्षीदार म्हणून सही कर. तुला परमनंट करायचं मनात आहे.

मी सही केली. माझी सही आहे त्या कागदावर, वळणदार, कवीची सही. परमनंट अजून केलेलं नाही.

आता भांडण.

पहिलं भांडण 'सावधान' या शब्दाशी, म्हणजे माझ्याच ओळीशी. सावध राहील तो घरी जाईल, म्हणजे घरी गेला नाही तो बेसावध होता. मेलेल्यावरच गुन्हा दाखल. मालकाला ही ओळ का आवडली, पहिला नंबर का दिला, हे मला आता समजतंय. त्या ओळीत मालक नाही, ठेकेदार नाही, दोन नळ एका हौदात कुणी सोडले ते नाही. फक्त कामगार आहे आणि त्याची चूक आहे. सुरक्षा सप्ताहातल्या सगळ्या ओळी अशाच असतात. हेल्मेट घाला, हातमोजे घाला, घरी बायको वाट बघतेय. बायको वाट बघतेय हे आम्हाला भिंतीनं सांगायला पाहिजे काय?

सावध राहायला आधी माहीत असावं लागतं. मामांना कुणी सांगितलं होतं की या हौदात सल्फाइड आणि ॲसिड एकत्र येतं? मुकादमाला तरी माहीत होतं काय? माहीत असणारा माणूस रविवारी घरी होता.

ही 'कामगाराची चूक' फार जुनी आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या टाकीतून मिथाइल आयसोसायनेट सुटला. हजारो माणसं मेली. त्या टाकीला थंड ठेवणारी यंत्रणा महिनोन्महिने बंद होती. गॅस जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी तोडलेला होता. माणसं कमी केली होती, शिकवणं कमी केलं होतं. गळती झाली की कामगारांच्या डोळ्यांना पाणी यायचं, तीच तिथली धोक्याची घंटा. आणि कंपनीनं पुढं जगाला काय सांगितलं? एका नाराज कामगारानं मुद्दाम टाकीत पाणी सोडलं! ७ जून २०१० ला, पंचवीस वर्षांनी, भोपाळच्या कोर्टानं हिंदुस्थानातल्या सात अधिकाऱ्यांना दोन-दोन वर्षांची शिक्षा दिली आणि त्याच दिवशी त्यांना जामीनही मिळाला. तिथं डोळे, इथं नाक. यंत्राचा खर्च वाचवायचा म्हणून आमचं शरीरच यंत्राच्या जागी बसवलंय.

आमच्या डोंबिवलीत २६ मे २०१६ ला स्फोट झाला. तेव्हा मी शाळा सोडून नुकताच कामाला लागलो होतो. २३ मे २०२४ ला परत झाला. दोन्ही वेळा पुढारी आले, दोन्ही वेळा चौकशी म्हणाले, दोन्ही वेळा धोकादायक कारखाने हलवू म्हणाले. आठ वर्षांनी तेच वाक्य. त्या वाक्याला तरी कंटाळा यायला पाहिजे होता.

दुसरं भांडण, 'हे होतच असतं' म्हणणाऱ्यांशी. नाही, हे होत नसतं, हे केलं जातं. कारण ते टाळायचं कसं हे सगळ्यांना माहीत आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम ३६ होतं. त्यात साध्या भाषेत एवढंच होतं : ज्या टाकीत, खड्ड्यात, हौदात विषारी गॅस असण्याची शक्यता आहे तिथं माणूस उतरवायचा नाही, जोपर्यंत गॅस काढण्याचे सगळे उपाय झालेले नाहीत आणि जाणकार माणसानं स्वतः तपासून तसा लेखी दाखला दिलेला नाही. नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं यंत्र द्या, अंगाला पट्टा बांधा, पट्ट्याला दोर आणि दोराचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. १९४८! माझ्या आज्याच्या जवानीतला कायदा. तेवढा एक कागद आणि एक दोर असता तर मामा आज चहा पीत बसले असते.

भोपाळनंतर १९८७ साली त्या कायद्यात आणखी भर पडली. कामगाराला धोक्याची माहिती द्या, सुरक्षा समितीत कामगार घ्या, आणि जीव जाईल असं दिसलं तर कामगारानं तसं सांगण्याचा हक्क. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो जुना कायदा गेला, २०२० ची नवी संहिता आली. धोका सांगण्याचा हक्क तिच्यातही आहे. पण हक्क कुणाला सांगायचा? मुकादमाला? मुकादम म्हणतो, उद्यापासून येऊ नको. ज्याचं मस्टरवर नावच नाही त्याचा हक्क कुठल्या रकान्यात लिहायचा? हक्क कागदावर, माणूस कागदाबाहेर. सगळी मेख इथं आहे.

गटारात माणूस मेला तर ३० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २० ऑक्टोबर २०२३ ला सांगितलं. मामी तो निकाल कुणाकडून तरी छापून घेऊन गेली. उत्तर मिळालं, 'बाई, हे गटार नाही. हा ईटीपीचा हौद आहे.' मरण तेच, गॅस तोच, उतरणारा तोच. फक्त पैसे द्यायची वेळ आली की हौदाचं नाव बदलतं.

तिसरं भांडण आपल्याच लाल झेंडेवाल्या मित्राशी. मामा गेल्यावर गेटवर सभा झाली. मी म्हणालो, आतापर्यंत हौदात कोण कोण उतरलं त्याची यादी काढा आणि आडनावं वाचा. तो म्हणाला, 'कॉम्रेड, यात जात आणू नका. गॅसला जात नसते.' लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बरोबर आहे. गॅसला जात नसते. शिडीला असते.

खाली कोण जाणार हे शिडी ठरवते. आमच्या मिलमध्ये रंग मिसळणारे वेगळे, मशीनवरचे वेगळे, स्टोअरचे वेगळे. हौद साफ करायला आमच्या वस्तीत माणूस येतो. दुसऱ्या कुठल्या गल्लीत तो विचारायलासुद्धा जात नाही. अलीकडं उत्तरेकडची पोरं आणतात. त्यांनी आडनावं सांगितली नाहीत, पण एकदा रात्री जेवताना बोलली. तिकडच्या आमच्यासारख्याच जातींची. ठेकेदाराला समाजशास्त्र कुणी शिकवलं नाही, पण त्याला अचूक ठाऊक आहे की घाण म्हटलं की कुणाचं दार वाजवायचं.

आणि कॉम्रेड, मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास आठवा. विणखात्यात पगार जास्त होता. तिथं आमच्या माणसांना घेत नसत. का? कांडी भरली की धाटाचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा, आणि आमची थुंकी लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनवाल्यांपुढं रोखठोक टाकला होता. तेव्हा धाग्याला आमची थुंकी बाटवत होती. आज हौदातल्या विषाला आमचा श्वास मात्र चालतो. तिथं कुणी म्हणत नाही की बाटलं, बाहेर काढा.

आमच्या बाया-माणसांना मारायचं असं ठरवून कुणी हौद बांधला नाही, हे मलाही कळतं. पण हौद बांधताना इंजिनेराच्या मनात एक गोष्ट पक्की होती, की साफ करायला कुणीतरी उतरेलच. म्हणून तळाला उतार दिला नाही. गाळ बाहेरून ओढणारा पंप बसवला नाही. सल्फाइडचं आणि ॲसिडचं पाणी वेगळं ठेवलं नाही. माणूस फुकट मिळत असेल तर पंप कोण घेणार? ज्या दिवशी हौदात मालकाचा पोरगा उतरणार असेल त्या दिवशी चोवीस तासांत पंप येईल. ही साधी परीक्षा घेऊन बघा, कुठल्याही कारखान्यात.

चौथं भांडण आपल्या कवींशी, म्हणजे परत माझ्याशी. आपण ज्वालामुखी लिहितो, सूर्य लिहितो, वणवा लिहितो. लिहावं. पण माझ्या दोन वह्या कवितांमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा शब्द एकदाही नव्हता. रोज ज्याच्या शेजारी डबा खाल्ला त्या हौदाचं नाव नव्हतं. आगीवर कविता करणाऱ्याला हायड्रोचा ड्रम का पेटतो ते माहीत नव्हतं. आपल्या माणसाला मारणाऱ्या वस्तूचं नाव माहीत नसणं हेही अडाणीपणच आहे. 'शिका' म्हणून बाबासाहेबांनी सांगितलं ते फक्त डिग्रीसाठी नव्हतं. ड्रमवरचं लेबल वाचणं हेही शिकणंच. मी आता वाचतो. इंग्रजी येत नाही, तर मोबाइलवर अक्षर अक्षर जुळवून वाचतो. पाळीतल्या पोरांना सांगतो. हसतात, पण ऐकतात.

आता काय करायचं ते सांगतो. भाषण नाही, शिडीपाशी उभं राहून करायच्या गोष्टी आहेत.

पहिली मागणी बेल्टची करू नका. पहिली मागणी ही, की माणूस उतरायलाच नको. पंप लावा, बाहेरून पाण्याचा फवारा मारा, नळ वेगळे करा. ते होईस्तोवर कुणी उतरणार असेल तर आधी विचारा : कागद कुठाय? आज, आत्ता, कुणी तपासलं? गॅस मोजायचं यंत्र खाली सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजलं का? प्राणवायू एकवीसच्या आसपास असतो, साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. ताजी हवा फेकणारा पंखा चालू आहे का? आत येणारे नळ बंद करून कुलूप घातलं का? दोर कुणाच्या हातात आहे, आणि तो माणूस दुसरं कुठलं काम करत नाही ना? आतला दिवा २४ व्होल्टच्या वर नाही ना? यातल्या एकाला जरी 'नाही' उत्तर आलं तर पाय शिडीवर ठेवायचा नाही. एकट्यानं नाही म्हटलं तर हाकलतील. दहा जणांनी म्हटलं तर विचार करतील. पन्नास जणांनी म्हटलं तर पंप आणतील.

आणि सगळ्यात अवघड गोष्ट. आपला माणूस खाली पडला तर त्याच्यामागं उडी मारायची नाही. भाऊ असो, बाप असो. आरडाओरड करा, फायरब्रिगेड बोलवा, दोर असेल तर वरून ओढा, पंख्यानं हवा मारा. पण उतरू नका. आपल्या वस्तीत हे सांगितलं की लोक म्हणतात, माणुसकी नाही का? आहे. त्या म्हाताऱ्याची माणुसकी माझ्या छातीवर गुडघा ठेवून बसली होती, म्हणून मी हे लिहितोय.

माझ्यापुरतं म्हणाल तर दोन गोष्टी केल्या. मी सरकारी कचेरीत लेखी दिलं, की त्या कागदावरची माझी साक्ष खोटी आहे, बेल्ट दिला नव्हता, पाय घसरला नव्हता, मला नोकरीची भीती होती. पोच घेतली. पुढं काय होईल ते होवो, नोकरी गेली तर गेली. दुसरी गोष्ट, गेल्या रविवारी डांबराचा डबा घेऊन गेलो आणि भिंतीवरची माझी ओळ पुसली. वॉचमननं पाहिलं. काही बोलला नाही, तोंड फिरवून बिडी पेटवली.

भिंत आता काळी आहे. तिच्यावर दुसरं घोषवाक्य लिहायला सांगितलं तर मी एकच लिहीन, यमक नसलेलं : 'कागद दाखव. नाहीतर तू उतर.'

डबा मी मामींना दिला. त्यांनी घेतला नाही.

जय भीम.